बँकेच्या कामासाठी डीव्हीडीवरचं पपी लिनक्स : तीन सोयाबीन हंगामांनंतर

ऑक्टोबर २०२२. सोयाबीनचे पैसे वाटायचे दिवस. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि तिचे हिशेब मी पाहते. व्यापाऱ्याची रक्कम कंपनीच्या खात्यात आली की ती ६३ सभासदांच्या खात्यांत एनईएफटीने टाकायची, हे माझं काम. एका सभासदाच्या मुलाने वजनाच्या पावत्यांची यादी झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये आणली. मी ती लॅपटॉपला लावली तर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले. असं आधीही एक-दोनदा झालं होतं, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही. तीन दिवसांनी रात्री ११:४० ला अध्यक्षांच्या मोबाइलवर ओटीपी आला. कंपनीच्या खात्याला नवीन लाभार्थी जोडण्यासाठीचा. त्या वेळी आमच्यापैकी कोणीच खातं उघडलेलं नव्हतं.

अध्यक्षांनी तो मेसेज सकाळी पाहिला. आम्ही १९३० वर फोन केला, मग मोटारसायकलने शाखेत गेलो. पैसे गेले नव्हते, पण खातं आठ दिवस बंद राहिलं. सोयाबीन विकून रब्बीच्या तयारीला लागायचे आठ दिवस म्हणजे काय, ते ज्याचं वावर आहे त्यालाच कळतं. आमच्या एक सभासद बाई आहेत, एकट्या शेती करतात. त्यांना मुलीच्या वसतिगृहाची फी यवतमाळला भरायची होती. त्या तीन दिवस रोज येऊन ऑफिसच्या पायरीवर बसल्या. एकदाही आवाज चढवला नाही. मला तेच जास्त लागलं.

लॅपटॉप दुरुस्तीला नेला तेव्हा त्यात टाइप केलेलं प्रत्येक अक्षर टिपून ठेवणारा प्रोग्राम निघाला. लॅपटॉपवर विंडोज ७ होतं. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झालेले, आणि आम्ही २०२२ मध्ये त्यावरून लाखांचे व्यवहार करत होतो.

तेव्हापासून आजपर्यंत कंपनीच्या बँकेचं सगळं काम मी डीव्हीडीवरून चालणाऱ्या पपी लिनक्सवर करते. विंडोजच्या जागी संगणक चालवणारी ही एक प्रणाली. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. गावोगावी बचत गट, दूध संस्था, उत्पादक कंपन्या असेच जुने लॅपटॉप घेऊन बसल्या आहेत. त्यांच्यातल्या एखादीला तरी याचा उपयोग होईल.

पपी लिनक्स २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी काउलर यांनी सुरू केलं. नाव त्यांच्या लहानशा कुत्र्यावरून. फुकट आहे आणि आकाराने लहान. मी ज्यावर सुरुवात केली ती फोसापप६४ ९.५ ही आवृत्ती अवघी चारशे एमबीच्या आसपास होती. पण माझ्या दृष्टीने त्याचा मोठेपणा लहान असण्यात नाही. संगणक चालू झाला की पपी डीव्हीडीवरून उचलून स्वतःला पूर्णपणे रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या तात्पुरत्या जागेत, नेऊन ठेवतं आणि तिथूनच चालतं. हार्ड डिस्क लागत नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये तर ती नाहीच. स्क्रू काढून बाहेर काढली आणि कपाटात ठेवून दिली.

माझा भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगला होता. त्याने मला हे तलाठी कार्यालयातल्या टेबलाच्या उदाहरणाने सांगितलं. "मावशी, टेबलावर काच असते, काचेखाली कागद असतो. तू काचेवर खडूने काय लिहायचं ते लिही. संध्याकाळी फडकं मारलं की काच साफ. खालच्या कागदाला खडू लागतच नाही." डीव्हीडीवरची मुख्य फाइल स्क्वॉशएफएस नावाच्या पद्धतीने दाबून भरलेली असते. त्या पद्धतीत लिहिण्याची सोयच नाही, फक्त वाचता येतं. आपण काम करताना जे बदलतं ते सगळं रॅममधल्या वरच्या थरात. वीज गेली की तो थर संपला.

म्हणून समजा आज काम करताना एखादा घाणेरडा प्रोग्राम आत शिरलाच, तर त्याला रात्री राहायला जागा नाही. उद्या सकाळी लॅपटॉप चालू होईल तो डीव्हीडी जाळली, म्हणजे तिच्यावर पपी लिहिलं, त्या दिवशी जसा होता तसाच. विषाणू मारणारं सॉफ्टवेअर नवा विषाणू ओळखेल की नाही याची खात्री नसते. इथे ओळखायची गरजच पडत नाही. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने याच विचाराने 'लाइटवेट पोर्टेबल सिक्युरिटी' नावाची लिनक्स सीडी बनवली होती. कर्मचाऱ्याला भरवशाच्या नसलेल्या संगणकावरूनही सरकारी काम करता यावं म्हणून. तीही हार्ड डिस्कला हात लावत नसे. हे भाच्याने सांगितलं तेव्हा मला धीर आला, की आपण काही जुगाड करत नाही आहोत.

कोऱ्या डीव्हीडी मिळवणं हेच पहिलं अवघड काम होतं. दारव्ह्यात दोन-तीन दुकानं पालथी घातली, कोणी ठेवत नाही. शेवटी एका फोटो स्टुडिओत मिळाल्या. लग्नाच्या शूटिंगच्या डीव्हीडी देण्याचे दिवस संपले आणि त्याच्याकडे ५० चा एक डबा तसाच पडून होता. वीस रुपयाला एक दिली. 'डीव्हीडी-आर' लिहिलेलीच घ्यायची, 'आरडब्ल्यू' नाही. आरडब्ल्यू पुसून परत लिहिता येते, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे.

यात एक बारीक गोष्ट आहे. पपीला डीव्हीडीवरच उरलेल्या जागेत रोजचं काम साठवून ठेवता येतं. तबकडी जाळताना ती उघडी ठेवली तर. बऱ्याच जणांना ही सोय आवडते. बँकेच्या कामाला ती घातक, कारण मग खडूचं लिहिणं कागदावर उतरायला लागतं. जाळताना तबकडी बंद करून टाकायची. आणि काम संपवून संगणक बंद करताना पपी विचारतं की आजचं सत्र साठवू का? दर वेळी 'नको' म्हणायचं. सुरुवातीला मी एकदा घाईत दुसरंच बटण दाबलं आणि घाबरले. पण तबकडी बंद केलेली आणि हार्ड डिस्क नाही, तर साठवणार कुठे? काही झालं नाही.

पेनड्राइव्हवर का नाही, हे मला पुष्कळांनी विचारलं. पेनड्राइव्हवरून पपी जास्त वेगाने सुरू होतं हे खरं. पण साध्या पेनड्राइव्हवर लिहिता येतं, आणि जिथे लिहिता येतं तिथे कोणीतरी लिहू शकतं. एसडी कार्डाच्या कडेला छोटी कळ असते, तिलाही मी आधी कुलूप समजत होते. ती कळ म्हणजे कार्ड वाचणाऱ्या यंत्राला केलेली विनंती आहे. यंत्राने मानली तर मानली. बंद केलेल्या डीव्हीडी-आरला विनंती करावी लागत नाही.

माझी सकाळ अशी जाते. कव्हरमधून तबकडी काढते. जांभळट झाक असलेली, वर पक्क्या शाईच्या पेनने जाळल्याची तारीख. लॅपटॉपच्या कडेचा कप्पा उघडतो, तबकडी टक् करून बसते. एफ १२ दाबून डीव्हीडी निवडायची. ड्राइव्ह घुरघुरायला लागतो, थांबतो, परत घुरघुरतो. काळ्या पडद्यावर ओळी येत राहतात. माझ्या लॅपटॉपला सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. मग ड्राइव्ह एकदम शांत होतो. म्हणजे सगळं रॅममध्ये गेलं. तबकडी काढून परत कव्हरमध्ये ठेवली तरी काम चालू राहतं. पहिल्यांदा ती काढताना माझा हात थरथरला होता.

इंटरनेटला मोबाइल वायरने जोडते, तो लगेच ओळखला जातो. मग ब्राउझर, बँक, काम, बंद. मध्ये दुसरं काहीच नाही. मेल नाही, व्हॉट्सॲप नाही, सोयाबीनचा भाव पाहणंही नाही. भाव पाहायचा तर मोबाइल आहे. हा नियम तबकडीइतकाच महत्त्वाचा आहे. कारण रॅम संध्याकाळी पुसली जाते, पण सकाळी वाईट साइट उघडून त्याच बसण्यात बँक उघडली तर मधल्या वेळात चोर आत असूच शकतो.

आमच्या एका म्हाताऱ्या सभासदांना, आम्ही सगळे त्यांना आबाजी म्हणतो, या तबकडीचं फार कौतुक. एकदा पैसे टाकताना शेजारी बसून ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पोरी, आमचे पैसे या तबकडीत राह्यते काय वं?"

"नाई आबाजी. हिच्यात काईच राह्यत नाई. म्हणूनच तर वापरतो."

त्यांना ते पटलं असावं. आता दुसऱ्यांना तेच समजावून सांगतात.

आता त्रासाचं. त्रास आहेत, आणि ते न सांगता कोणाला हे घ्या म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते घड्याळाने. पहिल्या आठवड्यात बँकेची साइटच उघडेना. ब्राउझर लाल इशारा देऊन म्हणे, ही जागा सुरक्षित नाही. मी हादरले, पुन्हा तेच झालं की काय. दोन दिवस गेले. शेवटी भाच्याने फोनवर विचारलं, "मावशी, कोपऱ्यात तारीख काय दिसते?" तारीख होती १ जानेवारी २००९. लॅपटॉपच्या आतला गोल सेल मेलेला होता. लाइट गेली की घड्याळ मागे जायचं, आणि पपी काहीच साठवत नसल्यामुळे रोज तीच जुनी तारीख घेऊन उठायचं. बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांच्या आत ग्राह्य असतं. २००९ मध्ये ते जन्मालाच आलेलं नव्हतं. चाळीस रुपयांचा सेल बदलला आणि साइट उघडली. तेव्हापासून ब्राउझर उघडण्याआधी तारीख वाचायची सवय लागली आहे. लाल इशारा आला तर 'तरीही पुढे जा' कधीच दाबत नाही. आधी तारीख, मग पत्ता, मग फोन.

दुसरी गोष्ट अक्षरांची. पपीत मुळात देवनागरी फाँट नव्हता, सभासदांची नावं चौकोन चौकोन दिसायची. तिसरी रॅमची. दोन जीबीवर पपी स्वतः आरामात चालतं, पण आजची बँकेची पानं जड झाली आहेत, दुसरा टॅब उघडला की अडकायचं. सहाशे रुपयांची जुनी पट्टी टाकून चार जीबी केलं, तो प्रश्न मिटला.

खरा मोठा दोष मात्र याच्या गुणातच आहे. तबकडी बदलत नाही म्हणजे तिच्यातला ब्राउझरही बदलत नाही. ब्राउझरमध्ये रोज कुठे ना कुठे भोक सापडतं आणि अपडेटने ते बुजवलं जातं. सहा महिन्यांपूर्वीची तबकडी म्हणजे सहा महिन्यांची भोकं जशीच्या तशी. म्हणून दर दोन महिन्यांनी नवी तबकडी करायची हा आमचा शिरस्ता आहे. पपीच्या मेनूतच चालू प्रणालीची नवी प्रत बनवायचं साधन आहे. भाचा सुट्टीत आला की स्वच्छ तबकडीवरून संगणक सुरू करतो, नवा ब्राउझर, मराठी फाँट आणि भारताची वेळ घालतो, बँकेचा पत्ता खूण करून ठेवतो आणि नवी तबकडी जाळून देतो. जुनी मी कात्रीने कापते. २०२४ च्या उन्हाळ्यापासून त्याने मूळ आवृत्तीही बदलली. आता डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर उभं असलेलं बुकवर्मपप६४ आहे. मूळ फाइल उतरवून घेतली की तिचा शा-२५६ आकडा, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण, प्रकाशित आकड्याशी जुळवतो. चौसष्ट अक्षरं असतात. तो वाचतो, मी कागदावर टिक करते. एक अक्षर चुकलं तरी फाइल टाकून द्यायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण तबकडीवर पुढे दोन महिने डोळे झाकून भरवसा ठेवायचा असतो, म्हणून तेवढा एक तास डोळे उघडे ठेवतो.

जाणकार लोक पपीवर एक आक्षेप घेतात, तो खरा आहे. इथे वापरणारा थेट 'रूट' असतो, म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. ब्राउझर 'स्पॉट' नावाच्या कमी अधिकाराच्या खात्याखाली चालतो, तेवढा आडोसा आहे. पण लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असती तर एका क्लिकने ती उघडता आली असती, तिच्यावर लिहिता आलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत : पपी बँकेसाठी वापरायचं तर हार्ड डिस्क काढा. ती आत ठेवून नुसती तबकडी घालणं म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणं.

आणि जिथे तबकडी काहीच करू शकत नाही त्या जागाही माहीत असू द्या. कोणी बँकेचा माणूस बोलतोय म्हणून फोनवर ओटीपी मागितला आणि तुम्ही दिला, तर कुठलंही लिनक्स आडवं येणार नाही. खोट्या साइटवर स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकला तर तेच. कीबोर्डच्या वायरमध्ये कोणी यंत्र बसवलं, लॅपटॉपच्या बायोसमध्येच, म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, काही घुसलं, तर तबकडी त्याच्या वरच्या मजल्यावर राहते, तिला खालचं दिसत नाही. म्हणून लॅपटॉप ऑफिसमध्ये उघडा पडलेला नसतो. काम झालं की कपाटात, किल्ली माझ्याकडे.

काही कामं यावर होतच नाहीत. आमच्या अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, डिजिटल सहीचं टोकनही तसंच. त्यासाठी दुसरा संगणक आहे, आणि त्यावर बँकेचा पैसे पाठवायचा पासवर्ड आजवर कधी टाकलेला नाही. खात्याचा उतारा छापायला त्यावर फक्त पाहण्याचे अधिकार असलेलं वेगळं लॉगिन घेतलं आहे. शाखेत अर्ज दिला की मिळतं, बऱ्याच संस्थांना माहीत नसतं.

पैसे वाटायच्या दिवशी यादीची फाइल पेनड्राइव्हने आणत नाही. मी हाताने टाइप करते. ऑफिसात मदतीला येणारी बारावीची पोरगी रजिस्टरमधून नाव आणि रक्कम वाचते, मी टाकते, ती पडद्यावर परत वाचून पाहते. ६३ नावांना दोन तास. मग अध्यक्ष मंजुरी देतात. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँक देते तो ओळख क्रमांक, तिथेच रजिस्टरमध्ये पेनाने लिहायचा, कारण संगणक बंद केला की पावतीची फाइलही गेली. आधी हे मला मागासलेपण वाटायचं. आता वाटत नाही. या दोन तासांत तीन हंगामांत आम्ही चार चुकीच्या रकमा पकडल्या, ज्या फाइलमधून सरळ गेल्या असत्या.

लाइटचं एक सांगायचं राहिलं, आणि आमच्या भागात ते सांगायलाच हवं. या लॅपटॉपची बॅटरी कधीचीच गेली आहे. जुन्या विंडोजवर काम चालू असताना लाइट गेली की नंतर अर्धा-अर्धा तास डिस्क तपासणी चालायची, एकदा तर सगळं परत टाकावं लागलं. पपीला याचं काही वाटत नाही. लिहिणंच चालू नव्हतं तर बिघडणार काय? लाइट आली, तबकडी घातली, अडीच मिनिटांत हजर. फक्त एक सांभाळायचं. लाइट गेली तेव्हा जो व्यवहार चालू होता तो झाला की नाही, हे आधी उताऱ्यात पाहायचं आणि मगच परत करायचं. २०२३ च्या दिवाळीच्या आधी मी न पाहता एक रक्कम दुसऱ्यांदा टाकली होती. त्या भावाने स्वतः येऊन परत केली, पण सगळेच परत करतील असं धरून चालता येत नाही.

तबकड्या मे महिन्यात सांभाळाव्या लागतात. आमचं ऑफिस टिनाचं, बाहेर ४४-४५ अंश असलं की आत भट्टी. एक तबकडी खिडकीजवळ राहिली, आठवड्यात वाचायची बंद झाली. आता भिंतीतल्या कपाटात, कागदी कव्हरात, स्टीलच्या डब्यात ठेवते. कापसाच्या दिवसांत रुई उडते ती ड्राइव्हच्या काचेवर बसते, महिन्यातून एकदा फुंकणीने साफ करते.

टेल्स नावाचं दुसरं लिनक्सही भाच्याने दाखवलं होतं, तेही मागे काही ठेवत नाही. पण त्याचं मुख्य काम ओळख लपवणं, सगळं इंटरनेट टॉर नावाच्या, देशोदेशीच्या संगणकांच्या जाळ्यातून फिरवणं. बँकेला तर आपण कोण हे कळायलाच हवं असतं, आणि परदेशातून आल्यासारखं लॉगिन दिसलं की ती संशय घेते. पत्रकाराला ते चांगलं असेल, आम्हाला नको.

एकूण खर्च : सेल ४०, रॅम ६००, तबकड्यांचे वर्षाला सव्वाशेच्या आत. बाकी मेहनत. घरात किंवा गावात लिनक्स समजणारं एखादं पोरगं असेल तर निःसंकोच सुरू करा. तसं कोणी नसेल आणि दोन महिन्यांनी तबकडी बदलणं होणार नसेल, तर मी घ्या म्हणणार नाही. त्यापेक्षा अपडेट चालू असलेला, फक्त बँकेसाठी ठेवलेला संगणक बरा.

५० च्या डब्यातल्या एकतीस तबकड्या उरल्या आहेत.  पुढची पोळ्याला, भाचा येईल तेव्हा.